झेन ध्यान आणि उपदेश ऐकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झेनकडे वळलेल्या लोकांना बसायचं कसं हे लवकर कळतं, पाठ सरळ, डोळे अर्धवट उघडे, हात असे ठेवायचे वगैरे. पण झेन टीचर बोलायला लागला की नेमकं काय करायचं याबद्दल कोणी फारसं सांगत नाही. खालचे प्रश्न त्याबद्दलचे आहेत. तसं प्रश्नोत्तरांचं झेनला वावडं नाही, दोगेन या जपानी गुरूने 1231 साली झाझेनवर (म्हणजे बसून करायच्या ध्यानावर) जे 'बेन्दोवा' लिहिलं त्याचा मोठा भाग प्रश्न आणि त्यांची उत्तरं असाच आहे.

झेन तर शब्दांच्या पलीकडचं आहे म्हणतात ना, मग प्रवचनं कशाला?

हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो आणि पडायलाच हवा. झेनचा आद्य गुरू मानल्या जाणाऱ्या बोधिधर्माच्या नावावर चार ओळी सांगितल्या जातात, त्यांचा आशय असा की ही परंपरा ग्रंथांच्या बाहेरून पोचते, अक्षरांवर उभी नाही, थेट मनाकडे बोट दाखवते आणि आपला मूळ स्वभाव पाहून माणूस बुद्ध होतो. एवढंच वाचलं तर वाटतं की झेनवाले गप्प बसणारे लोक असणार. पण इतिहास बघितला तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

चीनमध्ये बायझांग हुआईहाई (720–814) या झेन गुरूंच्या नावाने विहाराचे जे नियम आले, त्यांत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यात म्हटलंय की विहारात बुद्धमूर्तीचं दालन बांधायचं नाही, फक्त धर्मसभागृह बांधायचं, म्हणजे जिथे गुरू आसनावर बसून बोलतो आणि भिक्षू उभं राहून ऐकतात, मध्येच पुढे येऊन प्रश्न विचारतात. आणि ध्यान किती करायचं? ते बऱ्यापैकी ज्याच्या त्याच्या जिद्दीवर सोडलेलं! म्हणजे सगळ्यांनी एकत्र येऊन करायची मुख्य गोष्ट ऐकणं आणि विचारणं ही होती. पुढे चीनच्या सोंग राजवटीत तर या 'अक्षरांवर न उभ्या' परंपरेने गुरूंच्या संवादांचे ढीगच्या ढीग लिहून ठेवले, 1004 सालचा दिवा-परंपरेचा (दिव्याने दिवा लागावा तशी गुरूकडून शिष्याकडे चालत आलेली परंपरा) मोठा संग्रह हे त्यातलं ठळक उदाहरण.

तेव्हा शब्द टाकून द्या असं कोणी म्हणत नव्हतं. शब्दावर मुक्काम करू नका, एवढंच म्हणणं होतं.

तेइशो म्हणजे काय? साधं लेक्चरच ना?

बाहेरून बघितलं तर लेक्चरच वाटतं. रिंझाई या झेन पंथाच्या विहारात आधी ढोल वाजतो, रोशी म्हणजे गुरू येतात, बुद्धाला वंदन करतात आणि उंच आसनावर वेदीकडे तोंड करून बसतात, भिक्षू दोन्ही बाजूंना रांगेत. आता यात बघण्यासारखी गोष्ट ही की बोलणाऱ्याचं तोंड श्रोत्यांकडे नसून बुद्धाकडे असतं. तो बुद्धासमोर आपली समज मांडतोय आणि बाकीचे ती ऐकतायत, त्यामुळे समोरच्याला पटवायचं, हसवायचं, विषय कव्हर करायचा हे प्रेशरच उरत नाही. घेतलेलं कोआन (जुन्या गुरूंच्या संवादातलं कोडं) 'मुमोनकान' किंवा 'हेकिगानरोकू' या संग्रहांमधलं असतं (पहिल्यात 48 आहेत, दुसऱ्यात 100) आणि रोशी त्याचा अर्थ उलगडून सांगत बसत नाहीत, ते कोआन त्या क्षणी जगून दाखवतात म्हटलं तरी चालेल.

सोतो या दुसऱ्या झेन पंथाच्या ठिकाणी वातावरण जरा साधं असतं, टीचर समोर बसून एखाद्या जुन्या ग्रंथावर किंवा रोजच्या जगण्यावर बोलतो. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला सगळे मिळून एक छोटी गाथा म्हणतात, तिचा आशय असा की हा सूक्ष्म, खोल धर्म कोट्यवधी कल्पांत भेटणं कठीण, आज तो मला बघायला ऐकायला मिळतोय, त्याचा खरा अर्थ मला उमगो. ही गाथा नुसती पुटपुटू नका, मनापासून म्हणा. पुढचा तासभर कसं ऐकायचं हे तिच्यातच आलंय.

मग ऐकताना लक्ष कुठे ठेवायचं? श्वासावर की शब्दांवर?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

श्वास मोजत मोजत टॉक ऐकायचा प्रयत्न केला तर दोन्ही हातचे जातात. आणि परीक्षेला बसल्यासारखं प्रत्येक वाक्य पकडायला गेलात तर अर्ध्या तासात डोकं जड होतं, खांदे वर चढतात, पाठ पुढे झुकते. माझा सल्ला साधा आहे, झाझेनला जसे बसता तसेच बसा, पाठ तशीच, हात तसेच, आणि ज्या मोकळेपणाने तुम्ही बसल्यावर आजूबाजूचे आवाज येऊ जाऊ देता त्याच मोकळेपणाने टीचरचा आवाज येऊ द्या. अर्थ आपोआप लागतो, त्याला ओढून आणावं लागत नाही. तुम्ही आत्ता हे वाचताय तर एकेक अक्षर जोडायला कष्ट पडतायत का?

सतराव्या शतकातल्या बांकेई (1622–1693) या जपानी झेन गुरूंनी ही गोष्ट जितकी सोप्या भाषेत सांगितली तितकी क्वचितच कोणी सांगितली असेल. तरुणपणी त्यांनी स्वतः इतकं कडक ध्यान केलं की बसून बसून अंगाला जखमा झाल्या, तब्येत पार ढासळली, मरायला टेकले, आणि मग त्यांना उमगलं की आपण ज्यासाठी एवढी धडपड करतोय ते 'अजन्म' बुद्धचित्त आधीपासूनच काम करतंय. त्यानंतर ते गावोगाव साध्या बोलीभाषेत बोलत राहिले, शेतकरी, बायाबापड्या, सामुराई, सगळ्या पंथांचे भिक्षू ऐकायला यायचे, 1690 च्या हिवाळ्यात र्‍यूमोनजी विहारातल्या सामूहिक साधनेला तर हजाराहून जास्त भिक्षू जमले होते. आणि ते लोकांना काय सांगायचे, तर तुम्ही इथे माझं बोलणं ऐकायला तोंड करून बसलायत, आता मागे कावळा ओरडला किंवा चिमणी चिवचिवली तर ती ऐकायचं तुम्ही आधी ठरवलं नव्हतं, तरी तो कावळा आणि ही चिमणी असं बिनचूक ऐकू आलं की नाही? ठरवल्याशिवाय जे ऐकतं तेच अजन्म चित्त.

बघा, प्रवचन चालू असताना ते प्रवचन ऐकण्याकडेच बोट दाखवतायत. ध्यान वेगळं आणि ऐकणं वेगळं अशी जी भिंत आपण मनात बांधलेली असते ती इथे पडते. म्हणून टॉकमध्ये एखादं वाक्य सुटलं तर सुटू द्या. ते पकडायला मागे पळालात की पुढची दहा वाक्यं जातात.

नोट्स काढू का?

झेंडोमध्ये, म्हणजे ध्यानाच्या दालनात, नको, बऱ्याच ठिकाणी तशी स्पष्ट मनाईच असते. पेन हातात आलं की आपण ऐकणारे राहत नाही, नंतरसाठी साठवणारे होतो. घरी एखाद्या ग्रंथाचा अभ्यास करताना खुशाल काढा.

तासभर ऐकलं पण बाहेर आल्यावर काहीच आठवत नाही. वेळ फुकट गेला का?

नाही. झेनमध्ये एक जुनं वचन सांगतात, दोगेनच्या अनौपचारिक बोलण्यांत सुद्धा ते येतं, की चांगल्या माणसाच्या सहवासात राहणं म्हणजे धुक्यातून चालण्यासारखं आहे, पाऊस नाही त्यामुळे भिजतोय हे कळत नाही पण कपडे हळूहळू ओले होतात. ही बोलणी आपल्यापर्यंत आली तीही ऐकणाऱ्यामुळेच, एजो नावाच्या शिष्याने 1235 ते 1238 च्या सुमारास ती टिपून ठेवली. (हो, एजोने लिहून ठेवलं आणि मी वर नोट्स नको म्हणतेय, पण एजो रात्रंदिवस दोगेनजवळ राहून बसत होता, त्याचं लिहिणं त्या बसण्यातून आलेलं आहे.)

आठवणं ही टेस्ट चुकीची आहे. आठवड्याने कधीतरी कोणावर चिडायच्या बेतात असताना अर्ध्या सेकंदासाठी थांबलात तर तो टॉक कामाला लागला समजा, मग त्यातलं एक वाक्य सांगता आलं नाही तरी चालेल.

मी फक्त बसते, काही ऐकत नाही, वाचत नाही. एवढं पुरेसं नाही का?

काही काळ नक्कीच चालतं. मुद्दाम तसं करण्याची परंपराही आहे, क्योतोच्या आंताईजीमध्ये कोशो उचियामा (1912–1998) जे सेशिन (सलग काही दिवसांचं ध्यान शिबिर) घ्यायचे त्यात पाच दिवस प्रवचन नाही, मंत्रपठण नाही, कामं नाहीत, खांद्यावर मारायची ती क्योसाकु काठी सुद्धा नाही, दिवसाला पन्नास पन्नास मिनिटांची 14 झाझेन आणि मध्ये चालणं, खाणं, झोप. मन रमवायला काहीच द्यायचं नाही हा त्यामागचा विचार. पण तेच उचियामा एरवी भरपूर बोलायचे, लिहायचे, आणि त्या सेशिनला येणाऱ्या लोकांना आपण का बसतोय हे आधी ऐकून माहीत असायचं.

कधीच काही न ऐकता वर्षानुवर्षं एकट्याने बसण्यात धोका हा की आपल्याला हवं तसं आपण झेन बनवतो. कोणी शांततेच्या नशेत जातो, कोणी बसण्याचं रेकॉर्ड करायला लागतो, कोणाला वाटतं विचार थांबले की झालं. नान्युए हे चिनी गुरू आणि त्यांचा शिष्य माझू (709–788) यांची गोष्ट याबद्दलच आहे. माझू बुद्ध व्हायला म्हणून ध्यानाला बसलाय, नान्युए शेजारी येऊन कौल घासायला लागतात, काय करताय विचारल्यावर म्हणतात आरसा बनवतोय. कौल घासून आरसा कसा होईल? मग बसून बुद्ध कसा होईल? आता लक्षात घ्या, माझूला हे बसून बसून सुचलं नाही, दुसऱ्या माणसाने येऊन ऐकवावं लागलं.

'नुसतं बसा' म्हणणाऱ्या दोगेनचं ते प्रसिद्ध वाक्य पण नीट वाचा. धूप, वंदन, नामजप, प्रायश्चित्त, सूत्रपठण काही लागत नाही, फक्त बसा असं ते सांगतात, पण वाक्याची सुरुवात होते ती 'योग्य गुरू भेटल्यापासून' अशी. लोक शेवट लक्षात ठेवतात, सुरुवात विसरतात.

आणि उलटं? मी खूप टॉक्स ऐकतो, बसणं मात्र होत नाही.

आजकाल हाच प्रकार जास्त आहे आणि यावर मला थोडं स्पष्ट बोलावंसं वाटतं. फोनवर हजारो तासांची प्रवचनं आहेत, ऐकताना छान वाटतं, आपण प्रगती करतोय असं वाटतं, आणि ते वाटणंच बसण्याच्या आड येतं कारण बसल्यावर तसं छान लगेच वाटत नाही, तिथे गुडघे दुखतात आणि कंटाळा येतो.

बौद्ध परंपरेत प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितलेत, ऐकून येणारी, विचार करून येणारी आणि भावनेतून म्हणजे प्रत्यक्ष साधनेतून येणारी. पहिली दोन नसतील तर तिसरीला दिशा नसते, आणि तिसरी नसेल तर पहिल्या दोन उसन्याच राहतात. आनंद हे यातलं सगळ्यात हृदयाला भिडणारं उदाहरण आहे. बुद्धाचा सेवक म्हणून तो सुमारे 25 वर्षं सोबत राहिला, सगळ्या शिष्यांत बहुश्रुत म्हणून त्याचं नाव, त्याच्याइतकं कोणीच ऐकलं नव्हतं, आणि तरी बुद्ध गेले तेव्हा तो अर्हत झालेला नव्हता. राजगृहाच्या पहिल्या संगीतीच्या आदल्या रात्री तो जीव तोडून साधना करत राहिला आणि पहाटे दमून आडवा होताना, डोकं उशीला टेकायच्या आत, तो मुक्त झाला असं परंपरा सांगते. पण पुढे काय झालं तेही बघा, संगीतीत सगळी सुत्तं त्यानेच म्हणून दाखवली, 'असं मी ऐकलंय' अशी सुरुवात करून. ऐकलेलं वाया गेलंच नाही.

झेनमधली शियांगयान नावाच्या भिक्षूची गोष्टही याच वळणाची. हुशार, पाठांतर जबरदस्त, गुरू गुइशान यांनी विचारलं की जन्मायच्या आधीचं काहीतरी बोल, तर सगळ्या वह्या पालथ्या घातल्या, उत्तर सापडेना, शेवटी गुरूलाच म्हणाला तुम्हीच सांगा. गुइशान म्हणाले, मी सांगितलं तर ते माझं असेल, तुझ्या काय कामाचं? वह्या जाळून तो निघून गेला आणि पुढे एकदा झाडलोट करताना उडालेला खडा बांबूवर आपटला, त्या आवाजाने त्याला जाग आली. मग त्याने गुरूच्या दिशेने वंदन केलं ते कशासाठी, तर त्या दिवशी सांगितलं नाहीत यासाठी. चांगला टीचर कधी बोलायचं नाही हेही जाणतो.

प्रमाणच हवं असेल तर माझं मत असं की जितकं ऐकता किमान तितकं बसा.

पण हुईनेंग तर नुसतं ऐकून जागा झाला ना?

परंपरेत तसंच सांगतात. हुईनेंग (638–713) सरपण विकणारा गरीब मुलगा होता, कोणीतरी वज्रच्छेदिका सूत्र म्हणत होतं ते कानावर पडलं आणि त्याचं मन उघडलं. पण त्यानंतर तो घरी जाऊन बसला नाही, लांबचा प्रवास करून होंगरेन या गुरूच्या विहारात गेला आणि तिथे महिनोन्‌महिने तांदूळ कांडत राहिला. ऐकण्याने दार उघडू शकतं हे खरंच आहे, आणि आपल्या बाबतीत ते पुढच्या टॉकला उघडेल असं धरून बसू नये, हेही तितकंच खरं.

झाझेन करताना हेडफोन लावून टॉक ऐकला तर चालेल?

सर्वसाधारणपणे नको. बसणं हे बसणंच राहू द्या. एक अपवाद मात्र सांगायला हवा, जपानी झेन गुरू तैसेन देशिमारू (1914–1982) 1967 मध्ये पॅरिसला गेले आणि त्यांच्या परंपरेत झाझेन चालू असतानाच टीचर मध्ये मध्ये थोडं बोलतो, त्याला कुसेन म्हणतात. लांब शांतता, मग दोनचार वाक्यं, पुन्हा शांतता. तिथे बोलणारा स्वतः त्याच खोलीत बसलेला असतो, कोणाची पाठ वाकली, कोणाला झोप येतेय हे बघून बोलतो. रेकॉर्डिंगला हे दिसत नाही. अगदी नवीन असाल तर पहिले काही दिवस सूचना ऐकत बसायला हरकत नाही, मात्र नंतर ती सवय सोडा.

टॉक ऐकून लगेच बसलं की तेच विचार डोक्यात घोळतात.

घोळणारच. त्यांच्याशी भांडू नका आणि त्यांना पुढे पण नेऊ नका. टीचरचं सुंदर वाक्य हाही बसल्यावर एक विचारच असतो, बाकीच्या विचारांपेक्षा त्याला वरची जागा देऊ नका. हे पाळणं अवघड जातं कारण वाईट विचार सोडणं सोपं वाटतं, चांगले सोडवत नाहीत.

'ऐकणारा कोण?' अशी काही साधना आहे म्हणे?

आहे. बास्सुई (1327–1387) या जपानी गुरूंनी आयुष्यभर लोकांना हेच विचारायला लावलं, आवाज येतोय तर ऐकणारा हा कोण? उत्तर डोक्याने द्यायचं नाही, प्रश्न घेऊन आत जायचं. याचं मूळ शूरंगम सूत्रात सापडतं, तिथे अवलोकितेश्वर सांगतो की त्याने ऐकण्याची शक्ती आवाजाकडून उलटी फिरवून स्वतःच्या मुळाकडे नेली.

आणि याच्या पुढची पायरी म्हणजे निर्जीव गोष्टींचा उपदेश. चिनी गुरू दोंगशान (807–869) याच प्रश्नाने झपाटलेले होते की दगड, भिंती धर्म सांगतात तर मला ऐकू का येत नाही, आणि उलगडा झाल्यावर त्यांनी म्हटलं की कानाने ऐकायला जाल तर कळणं कठीण, डोळ्याने ऐकाल तेव्हा कळेल. सु शी (1037–1101) हा कवी एका रात्री ओढ्याचा आवाज ऐकत बसला आणि तो आवाज त्याला बुद्धाची वाणी वाटला, दोगेनने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. हे काव्य म्हणून सोडून देऊ नका. टॉक संपल्यावर तुमचं ऐकणं बंद होतं का, हे तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही.

टीचरचं सगळं मान्य करायचं का?

ऐकताना पूर्ण ऐका, मनातल्या मनात उलटतपासणी करत बसू नका. नंतर मात्र जरूर तपासा. बुद्धाने कालाम नावाच्या लोकांना हेच सांगितलं होतं, परंपरा आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून धरू नका, स्वतः जाणा.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाहीये. विसाव्या शतकात जपानच्या युद्धकाळात नावाजलेल्या झेन गुरूंनी धर्माच्या भाषेत युद्धाचं समर्थन केलं, ज्यांनी आयुष्यभर झाझेन केलं होतं त्यांनी. पुढे सोतो पंथाने 1992 मध्ये पश्चात्तापाचं निवेदन काढलं आणि रिंझाईच्या म्योशिनजी शाखेने 2001 मध्ये माफी मागितली. त्यामुळे वर्षानुवर्षं बसलेला माणूस बोलतोय म्हणजे ते बरोबरच, असं नसतं. टीचरचं वागणं बघा, आजूबाजूच्या लोकांशी तो कसा आहे ते बघा. प्रश्न विचारलेला ज्याला खपत नाही त्याच्यापासून लांब राहा.

प्रश्न कुठे विचारायचे?

तेइशोमध्ये सहसा नाही. त्यासाठी दोकुसान असतं, एकट्याने गुरूसमोर जायचं, दोनचार मिनिटं, कधी त्याहून कमी. रिंझाईमध्ये सेशिनच्या वेळी हे दिवसातून अनेकदा होतं. सोतो ठिकाणी टॉकनंतर सगळ्यांसमोर प्रश्नोत्तरं असतात. प्रश्न आपल्या बसण्यातून आलेला असावा, वाचनातून आलेले प्रश्न तिथे टिकत नाहीत.

जवळपास झेन सेंटर नाही, ऑनलाइनच ऐकतो. कसं करू?

आधी वीस पंचवीस मिनिटं बसा, मग टॉक लावा, त्याच जागी, त्याच आसनात, बाकी काही न करता. स्पीड वाढवू नका, त्या माणसाचं थांबणं पण ऐकायचं असतं. संपल्यावर लगेच दुसरा लावू नका, पाचेक मिनिटं तशीच जाऊ द्या. आणि एका टीचरला निदान काही महिने तरी द्या, रोज नवीन माणूस ऐकला की आपण फक्त तुलना करायला शिकतो. झेन गुरू शुनर्यू सुझुकी (1904–1971) यांचं जे पुस्तक 1970 पासून जगभर वाचलं जातं ते मुळात एका छोट्या ग्रुपसमोर झाझेननंतर दिलेली बोलणी आहेत, तर ते सुद्धा थोडं बसून मग एकेक प्रकरण असं वाचलं की वेगळं लागतं.

मला कमी ऐकू येतं, माझ्यासाठी यात काय?

सगळंच आहे. टीचरला आधी सांगा, पुढची जागा मागा, बऱ्याच ठिकाणी बोलण्याचा मजकूर लिहिलेला मिळतो आणि दोकुसान तर समोरासमोर असतं, तिथे लिहून, खुणेने, चेहऱ्याने सगळं चालतं. गुतेई नावाचे गुरू काहीही विचारलं तरी फक्त एक बोट वर करायचे आणि त्यांच्याकडे शिकायला लोक येत होते.